शॉटगनचं काडतूस: आधी भिंत बघा, मग डबा घ्या

आजचा भाग खास अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी. घराच्या रक्षणासाठी १२ गेज शॉटगन घेतली, पण काडतूस कुठलं?

मी इंजिनिअर, म्हणून आधी आकडे. बर्डशॉट पक्ष्यांसाठी असतो. ८ नंबरचा छर्रा जेमतेम २.३ मिमी, त्यामुळे जखम वरवरची होते आणि हल्लेखोर थांबेलच असं नाही. स्लग म्हणजे एकच जड गोळी, बहुधा २८ ग्रॅमची. घरात ती नकोच. मधला बकशॉट. त्यातल्या डबल-ऑटमध्ये साधारण ८.४ मिमीचे आठ-नऊ छर्रे असतात. बहुतेक जण हाच घेतात.

पण खरी गोम पुढेच आहे. तिथल्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात. दोन्ही बाजूंना अर्धा इंच ड्रायवॉल, मध्ये पोकळी. बकशॉट अशा भिंती सहज पार करतो. पलीकडे मूल झोपलेलं असेल तर?

म्हणून कुठल्या दिशेला कधीच झाडायची नाही, हे आजच घरभर फिरून ठरवा. आणि सिनेमातलं विसरा: खोलीच्या अंतरात छर्रे फार तर काही इंच पसरतात, नेम धरावाच लागतो. निवडलेलं काडतूस रेंजवर कागदी टार्गेटवर झाडून बघा. एकही छर्रा कागदाबाहेर जात असेल, तर दुसरा ब्रँड बघा. बंदूक मात्र कायम कुलपात!