डोंगरावरचं दूध

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून, हवा स्वच्छ असेल तर, पलीकडे रायगड दिसतो आणि गवळण हिरकणी आठवते. लोकांना तिचं बाळ आठवतं, मला तिचं दूध. तिचं दूध चढावर जायचं, कारण गिऱ्हाईक वर, राजधानीत होतं. घाटाच्या अलीकडे भोर-वेल्ह्याच्या गवळी-धनगरांचं कोडं नेमकं उलटं होतं. म्हशी वर, रानात. खाणारी तोंडं खाली, खोऱ्यात. मधे दोन-तीन तासांची उतरण, आणि दूध काही तेवढं थांबत नाही.

धनगर म्हटलं की आपल्याला मेंढरं आणि घोंगडी दिसते. हे धनगर वेगळे, म्हशीवाले. वरच्या माळांवर चार-पाच घरांचा धनगरवाडा, कुडाच्या भिंती, आणि एकाच छपराखाली माणसं नि जनावरं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली या समाजावर एक निबंध लिहिला. त्यातला हिशेब मला फार आवडतो. खोऱ्यातला कुणबी नांगरासाठी बैल पाळायचा, म्हशीच्या फंदात पडायचा नाही. डोंगरावरचा गवळी म्हशी पाळायचा, दुधाचं लोणी करून खाली न्यायचा आणि धान्य घेऊन वर यायचा. ताक मात्र घरीच राहायचं, घरच्यांच्या पोटात जायचं. दोघं एकाच डोंगराच्या वर-खाली राहत होते, पण एकमेकांच्या वाटेत येत नव्हते.

लोणी काढणं हे कानाचं आणि हाताचं काम आहे. डेऱ्यात दही, खांबाला बांधलेली रवी, दोरीची दोन टोकं दोन हातांत. आधी पातळ खळखळ ऐकू येते. मग आवाज जड होतो, दोरी ओढताना मनगटाला कळतं की लोणी सुटायला लागलंय. थंडीत कोमट पाण्याचा हबका मारायचा, उन्हाळ्यात गार पाण्याचा. लोण्याचं तूप केलं की ते महिनोन्‌महिने टिकतं, मग उतरणीची घाई उरत नाही.

पुढे आलेल्या खव्याचं गणित याहून सोपं आणि निष्ठुर. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध लोखंडी कढईत आटवलं की किलोभर खवा. उलथणं एक क्षण थांबलं की तळाला लागतं. जळण भरपूर लागतं, तेही रानातलंच. खवा चार दिवस टिकतो, पेढेवाल्याकडे पोचतो, पण मागे ताकासारखं काही उरत नाही. पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. कढईला चिकटलेली खरवड तेवढी पोरांची.

दूध टिकवायचं हेच कोडं भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी मिठाने सोडवलं. सायप्रस बेटावरचं हलूमी घ्या. तुर्की बोलणारे त्यालाच हेलिम म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांचं दूध कोमट करून त्यात रेनेट घालायचं. वासराच्या किंवा करडाच्या जठरातला हा रस दूध न आंबवता घट्ट करतो. दही कापायचं, दाबून वड्या करायच्या. उरलेलं निवळीचं पाणी तापवलं की त्यावर मऊ गोळे तरंगतात, ती अनारी. ती काढून घेतल्यावर त्याच पाण्यात, नव्वद अंशांच्या वर, वड्या अर्धा तास तरी शिजवायच्या. गरम असतानाच मीठ आणि वाळका पुदिना लावून पोळीसारखी घडी घालायची आणि खाऱ्या पाण्यात ठेवून द्यायची. आंबट न होता शिजल्यामुळे ही वडी तव्यावर वितळत नाही. खरपूस होते आणि दाताखाली कचकचते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला भाजलेल्या पनीरची आठवण झाली, आणि लगेच वाटलं, मीठ जरा जास्तच झालंय. ते मीठच तर त्याचं आयुष्य.

तिथे हा बायकांचा उद्योग. एका घरच्या चार शेळ्यांच्या दुधात घाणा निघत नाही, म्हणून शेजारणी आळीपाळीने आपलं दूध एकीला देत. दुधाची भिशीच म्हणा ना. त्या भिशीतून पुढे घराण्यांचे कारखाने झाले आणि आज हलूमी हा त्या देशाच्या निर्यातीतला मोठा माल आहे. सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघाने दोन्ही नावांना संरक्षण दिलं: संघाच्या बाजारात सायप्रसबाहेरच्या चीजला हे नाव लावायचं नाही. त्याच कागदात अट अशी की शेळी-मेंढीचं दूध निम्म्याहून जास्त हवं. कारखाने चालतात मुबलक मिळणाऱ्या गाईच्या दुधावर, म्हणून अटीच्या मुदतीवरून तिथे भांडणं लागली. खव्याच्या भेसळीवर गळा काढणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही.

मग सह्याद्रीत चीज का नाही? दूध तर त्यासाठीच जन्मलेलं. इटलीतलं नावाजलेलं मोझारेला म्हशीच्या दुधाचं असतं, आणि नदीकाठची म्हैस माणसाळली ती भारतीय उपखंडातच. वासराच्या जठराची अडचणही आता उरलेली नाही, सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट सर्रास मिळतं. मुंबईत मौसम नारंग यांनी २०१५ च्या सुमारास ‘एलेफ्थेरिया’ सुरू केलं. नाव ग्रीक, अर्थ स्वातंत्र्य. इथल्याच दुधाचं बुराटा आणि हलूमी त्या करतात. त्यांच्या ब्राउन चीजला २०२१ मध्ये जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदकही मिळालं. पण ते शहरातलं काम, शीतपेटी आणि हॉटेलं हाताशी असलेलं. धनगरवाड्यावर अडतं ते इथे: वर्षभर सारखं दूध, पावसाळ्यात गाडी जाईल असा रस्ता, आणि महिनाभर पैसे अडकवून ठेवायची ऐपत. मुरणाऱ्या चीजला वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणं गरिबाला परवडत नाही.

आता रस्ता जिथवर पोचलाय तिथवर डेअरीची गाडी येते. माणूस किटली घेऊन उतरतो, फॅट किती लागली ते बघतो, हप्त्याला पैसे घेतो. लोण्याच्या काळात ताक घरी राहायचं, खव्याच्या काळात खरवड. गाडी गेली की किटली विसळून पालथी घालायची. घरी चहापुरतं दूध ठेवलं असेल तर ठेवलं.