संगणकवाल्याला आपले काम कसे समजावून सांगावे?

भिवंडी-मालेगावचे यंत्रमागधारक असोत की मुंबईचे घाऊक व्यापारी, हिशेबासाठी संगणकाचा खास प्रोग्राम बनवून घेणारे आज पुष्कळ आहेत. मात्र पैसे मोजूनही ‘सांगितले एक आणि बनले दुसरेच’ अशी तक्रार होते. आमच्या मते याचे मुख्य कारण असे की, मालकाला जी गोष्ट रोजची म्हणून सांगावीशी वाटत नाही, नेमकी तीच संगणकवाल्याला ठाऊक नसते.

यंत्रमागाचेच उदाहरण घेऊ. मालक म्हणतो, ‘स्टॉक दिसला पाहिजे.’ संगणकवाला गोदामातले सगळे सूत स्टॉक धरतो. पण व्यापाऱ्याने मजुरीवर विणायला दिलेले सूत कारखानदाराचे नसते. २०१७ च्या जीएसटी कायद्याप्रमाणे असा माल साधारणपणे एक वर्षाच्या आत परत गेला नाही किंवा तेथूनच पुढे विकला गेला नाही, तर पाठविणाऱ्यावर कराचा बोजा येतो. म्हणजे ‘आपले’ व ‘मजुरीचे’ असे दोन स्टॉक हवेत. हे मालकाने सांगितल्याशिवाय समोरच्याला कळणार कसे?

मापाचेही तसेच. सूत किलोत, कापड मीटरमध्ये, आणि प्रत्येक ताका सारख्या लांबीचा नसतो. १९९९ साली नासाचे मंगळाकडे गेलेले यान नष्ट झाले, कारण एका प्रोग्रामने इंग्रजी मापात दिलेले आकडे दुसऱ्याने मेट्रिक समजून घेतले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे असे होते, तर आपण माप लिहूनच द्यावे.

म्हणून व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) तोंडी वर्णनापेक्षा एका महिन्याची खरी चलने, बिले व खातेवही दाखवावी.

२) परत आलेला माल, घट, वटाव, दलाली, हप्त्याने आलेली रक्कम असे अडचणीचे व्यवहार आधी सांगावेत.

३) जो मुनीम रोज प्रोग्राम वापरणार, त्याला बोलणीत बसवावे.

४) ठरलेले सारे मराठीत लिहून घ्यावे आणि संगणकवाल्याला ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावावे.

५) मागच्या एका महिन्याचा हिशेब प्रोग्राममध्ये घालून वहीशी ताळा जमल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. ही अट आरंभीच लिहून ठेवावी.

यात चार दिवस जास्त जातील. पण नंतरची दुरुस्ती व भांडण त्याहून महाग पडते.