ओझोनरोधके, पिकांची
ओझोनाच्या प्रदूषणापासून पिकांचे रक्षण करणारी रासायनिक द्रव्ये. नायट्रोजन ऑक्साइडे व बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यात सूर्यप्रकाशात विक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन बनतो. तो पर्णरंध्रांतून आत शिरल्यास पानांवर ठिपके पडतात व प्रकाशसंश्लेषण मंदावते. रत्नागिरी जिल्ह्यातील भात पावसाळी, ढगाळ हवेत वाढत असल्याने त्याला ही झळ कमी. हापूस आंब्याचा मोहोर व फळे मात्र कोरड्या, उन्हाच्या महिन्यांतील. तथापि आंब्याच्या पानांवर करप्याचेही ठिपके पडतात, म्हणून केवळ ठिपक्यांवरून निदान करू नये.

सर्वाधिक अभ्यासलेले ओझोनरोधक म्हणजे १९७८ मध्ये प्रसिद्धीस आलेले एथिलीन डाययूरिया. ते पानांवर फवारतात किंवा मुळांशी ओततात. वाराणसी येथे गहू व मूग यांवर त्याचे प्रयोग झाले आहेत. ते वारंवार द्यावे लागत असल्याने शेतीत रूढ झालेले नाही. उपचारित व अनुपचारित झाडांच्या तुलनेने ओझोनाची हानी मोजणे, हाच त्याचा मुख्य उपयोग होय.