एकच सॅक, एक दिवस की तीन?

धाकटी डहाणूहून पहाटे निघून अशेरीगड चढायचा आणि रात्री घरी जेवायचे, तर पाठीवर दोन-तीन लिटर पाणी आणि भाकरीचा डबा पुरतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड अशी तीन दिवसांची चाल ठरली की शिधा, स्वेटर, स्लीपिंग बॅग वाढते. त्यासाठी दोन सॅक कशाला? ४० ते ४५ लिटरची एकच नीट पारखून घ्या.

लिटरच्या आधी कंबरपट्टा बघा. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. मग बहुतेक भार खांद्यांवरून उतरून थेट पायांत जातो. मान झुकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजा. सॅकची पाठ त्या मापाची हवी, तुमच्या उंचीच्या नव्हे. दुकानात रिकामी सॅक घालून काही कळत नाही. आत पाच-सहा किलो वजन टाकायला लावा, पट्टे आवळा आणि जिना चढून बघा.

बाजूचे आवळपट्टे मात्र हवेतच. एका दिवसाच्या सामानाला मोठी सॅक ढिली पडते, आतले हिंदकळते आणि प्रत्येक पावलाला शरीर तोल सावरत दमते. १० किलोचे ओझे पाठीपासून १० सेंटिमीटर मागे गेले, तर मागे खेचणारे परिबल सुमारे १० न्यूटन-मीटरने वाढते. म्हणून तांदूळ, पाणी पाठीला चिकटून, मध्यावर.

पावसाळ्यात वरच्या कव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून शिरते. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. आणि सुके बोंबील नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यातच. पट्ट्यांच्या स्पंजात मुरलेला वास सहजी जात नाही.