खेळाचा डबा घ्यावा की संगणक?



"माय, माले गेमनं मशीन ली दे!" चोपडा तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंकडे मुलाने दहावी झाल्याबरोबर हट्ट धरला. ताईंनी मासिक बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं. काहीजणी हसल्या. पण हप्ता ताईंनाच फेडायचा होता, म्हणून आम्ही आधी नीट समजून घेतलं. तेच आज सांगतो.

टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ही त्यातली नावं. ते मुख्यतः खेळासाठीच बनवलेलं असतं. डिस्कवर ज्या यंत्राचं नाव, त्यावर ती चालणारच. संगणकाचं तसं नाही. दाखले काढायच्या साध्या संगणकावर नवा फुटबॉलचा किंवा क्रिकेटचा खेळ बहुधा अडखळतो. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि जास्त रॅम लागते. म्हणून आधी खेळाची 'किमान गरज' वाचावी आणि मगच पैसे द्यावेत.

नाव एक म्हणजे खेळ एक, असंही नसतं. 2013 साली फिफा 14 हा फुटबॉलचा खेळ आला. नव्या कन्सोलवर तो नव्या तंत्राचा होता, संगणकावर मात्र जुन्याच तंत्राचा. फिफा 21 आणि 22 च्या वेळीही तसंच झालं. 2022 च्या फिफा 23 मध्ये संगणकालाही नवी आवृत्ती मिळाली.

आता खर्च. कन्सोलची डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मैत्रिणीच्या मुलाला देता येते. संगणकावरचा खेळ बहुतेक वेळा आपल्या खात्यावर येतो, तो विकता येत नाही. पण काही कन्सोलना डिस्कचा कप्पाच नसतो, हे दुकानात विचारावं. प्लेस्टेशनवर बहुतेक विकतचे खेळ इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळायला वेगळी वर्गणी पडते. शिवाय काही खेळांत खेळाडूंची 'पाकिटं' पैसे देऊन घेतात. आत कोण निघेल ते आधी कळत नाही. बेल्जियममध्ये 2018 साली अशा पाकिटांना जुगार ठरवलं गेलं. म्हणून आपलं बँक खातं किंवा यूपीआय मुलाच्या खेळाला कधीही जोडू नका.

आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले. फक्त खेळायचं असेल, तर तेवढ्याच ताकदीच्या संगणकापेक्षा कन्सोल सहसा स्वस्त पडतो. पण ताईंच्या मुलीला एमएस-सीआयटी करायचं होतं, गटाचा हिशेबही लिहायचा होता. म्हणून साध्या संगणकासाठी कर्ज मंजूर केलं. नवा खेळ त्यावर चालणार नाही, हे मुलाला ताईंनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. दोन दिवस तो रुसला. आता जुने, हलके खेळ खेळतो आणि बहिणीची पाळी आली की उठतो.

मैत्रिणींनो, यंत्र घेण्याआधी घरात एवढंच विचारा: हे किती जणांच्या कामी येणार?