होडीच्या काठाची रेघ कॅडमध्ये कशी येते?

मंडळी, फायबरची नवी होडी कॉम्प्युटरवर आखून घेणार असाल तर साच्याला हात लावू देण्याआधी काठाची रेघ बघून घ्या, असं आम्ही सांगतो.

ही रेघ वरून पाहिली तर मध्ये फुगते, बाजूने पाहिली तर नाळेकडे चढते. खरी रेघ दोन्ही एकदम करते, म्हणून ती एका कागदावर मावत नाही. कॅडमध्ये दोन स्केच काढतात, एक वरून दिसणारं, एक बाजूने. सॉफ्टवेअर पहिल्याचा उभा पडदा पसरवतं, दुसऱ्याचा आडवा. दोन पडदे एकमेकांना कापतात तिथे खरी रेघ मिळते. सॉलिडवर्क्स, रायनोत ही सोय आहे; फुकटच्या फ्रीकॅडमध्ये कर्व्हज नावाची जोडणी घ्यावी लागते.

दोन्ही स्केचची लांबी एकच हवी, नाहीतर रेघ आखूड स्केचपाशीच संपते. आणि बिंदू कमी ठेवायला सांगा. जास्त झाले की रेघ नागमोडी होते.

आपले मेस्त लवचिक पट्टी वाकवून एक डोळा मिटून बघतात ना, तेच काम कॅडमध्ये वक्रतेचा कंगवा करतो. रेघेवर दाते उभे राहतात. मध्येच एखादा दाता उसळला की तिथे पोक आहे समजा. स्क्रीनवर तो लगेच काढता येतो. साच्यात राहिला तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीला येणार.

काठाची रबरी पट्टीसुद्धा याच रेघेच्या लांबीने मागवा. वरून दिसणाऱ्या नकाशावर मोजली तर कमी भरते.