परग्रहावरच्या खाणीतून सुटायचं तर

बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरपायथ्याच्या दगडखाणीतून निघालेल्या दहा टन खडीत सुमारे ४.३ टन ऑक्सिजन असतो. काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसॉल्टचं, साधारण ४३ टक्के वजन ऑक्सिजनचंच असतं. तो सिलिकॉन, लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम यांच्याशी घट्ट बांधलेला असल्यामुळे नाकाला उपयोगी पडत नाही, इतकंच. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हिशेब केला तर एका डंपरमधल्या खडीत दहा माणसांना सतरा महिने पुरेल एवढा श्वास बंद आहे.

विज्ञानकथांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. परक्या जगातली खाण, तिथे कैद करून राबवलेला एक कप्तान, त्याचे खलाशी, मनात सूड आणि शेवटी पलायन. वाचताना आपलं लक्ष पहारेकऱ्यांवर आणि भिंतींवर असतं. भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं की भिंती बाजूला पडतात आणि कैदी जो दगड फोडतोय तो दगडच महत्त्वाचा ठरतो. पृथ्वीबाहेरच्या खाणींच्या योजना आज गांभीर्याने आखल्या जात असल्यामुळे ही गोष्ट एकदा नीट तपासून पाहायला हवी.

तपासायला सोयीची जागा आपल्या दाराशी आहे. मलंगगड, चंदेरी, माथेरानची रांग हा सगळा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवर १०६० मध्ये शिलाहारांच्या कारागिरांनी ज्यातून मूर्ती काढल्या, तो दगडही हाच. चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात तीसुद्धा बेसॉल्टची मैदानं आहेत. १९६९ मध्ये अपोलो-११ ने ‘शांतिसागरा’तून आणलेले लाव्हाचे दगड साडेतीन अब्ज वर्षांहून जुने निघाले. फरक आहे तो पाण्याचा. आपल्या दगडाने दरवर्षीचा पाऊस प्यायलेला आहे, चंद्राचा दगड जवळजवळ कोरडा ठणठणीत आहे. चंद्रावरच्या काही दगडांमध्ये टायटॅनियमही आपल्यापेक्षा बरंच जास्त सापडलं. ऑक्सिजनचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच.

हा ऑक्सिजन सोडवायचा कसा? एक मार्ग असा : दगड सुमारे १६०० अंश सेल्सियसला वितळवायचा आणि त्या रसातून वीज सोडायची. एका टोकाला ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, दुसऱ्या टोकाला लोह-सिलिकॉनसारखे धातू साचतात. प्रयोगशाळांमध्ये हे साधलं आहे. भट्टीचं अस्तर त्या रसात टिकवणं आणि एवढी वीज आणणं, ही खरी डोकेदुखी. परक्या जगावर प्रत्यक्ष ऑक्सिजन बनवला तो ‘मॉक्सी’ नावाच्या पेटीने. ही पेटी २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स बग्गीतून मंगळावर उतरली. तिने दगड नव्हे, मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडला. २०२३ पर्यंत सोळा वेळा चालून तिने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन दिला. तिचा सर्वांत चांगला वेग होता तासाला १२ ग्रॅम. माणसाला तासाला ३५ ग्रॅम लागतात.

आता खाण कुठे आहे ते ठरवू. लघुग्रहावर असेल तर कुदळ घेतलेला कैदी कामाचा नाही. बेन्नू हा लघुग्रह जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद. सूटसकट दीडशे किलोच्या माणसाचं वजन तिथे सुमारे एक ग्रॅम भरेल. घाव घातला की दगड जागच्या जागी राहील आणि माणूस उलट दिशेने उडेल. २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नूला नुसता हात लावला, तर तो हात अर्धा मीटर आत गेला, इतका तो ढिगारा सैल. एवढ्या मोठ्या मोहिमेतून पृथ्वीवर आलं १२१.६ ग्रॅम द्रव्य. अशा जागी खोदायला घट्ट धरून राहणारी यंत्रं लागतात. माणसांच्या टोळ्या तिथे चालत नाहीत.

पळायला मात्र ही जागा सोपी वाटते. ज्या वेगाने वर गेल्यावर वस्तू परत पडत नाही तो मुक्तिवेग. पृथ्वीचा सेकंदाला ११.२ किलोमीटर, मंगळाचा ५, चंद्राचा २.४, सीरीस या बटुग्रहाचा अर्धा किलोमीटर. बेन्नूचा मात्र सेकंदाला वीस सेंटिमीटर, म्हणजे मुंगीशी शर्यत लावावी इतका. पृथ्वीवर अर्धा मीटर उंच उडी मारणाऱ्या धडधाकट माणसाचे पाय सेकंदाला तीन मीटरचा वेग देतात. जड सूट अंगावर असेल तर दोन मीटर धरू. एवढ्या वेगाने साडेतीन किलोमीटर व्यासाच्या खडकाळ लघुग्रहावरून कैदी उडी मारून कायमचा निसटू शकतो. असा लघुग्रह अंबरनाथ आणि बदलापूर स्थानकांच्या मधल्या अंतरात दोनदा मावेल.

निसटून जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. लघुग्रहांच्या पट्ट्यात किलोमीटरभर आकाराच्या दोन खडकांमध्ये सरासरी दहा लाख किलोमीटरचं अंतर असतं. दोन मीटरचा वेग पूर्ण टिकला तरी शेजारच्या खडकापर्यंत सोळा वर्षं लागतील, आणि पाठीवरच्या टाकीत हवा असेल काही तासांची. पहारेकऱ्याला गोळी झाडायची गरजच नाही. मंगळाच्या डायमॉस या चंद्रावर आणखी एक अडचण येते. तिथला मुक्तिवेग ५.६ मीटर आहे, तो चांगल्या धावपटूच्या आवाक्यातला. पण धावायला पाय जमिनीला घट्ट लागावे लागतात. तिथे सेकंदाला एक मीटर वेगाने पाऊल उचललं तर ते परत टेकायला अकरा मिनिटं लागतील. अशा जागी धावणंच शक्य नाही.

चंद्रासारख्या मोठ्या जगावरून निघायला रॉकेट हवं, आणि इथे १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांनी मांडलेलं, किती वेगासाठी किती इंधन लागेल ते सांगणारं समीकरण कप्तानाला टाळता येत नाही. चंद्रावरून परत उडणाऱ्या अपोलोच्या यानाचं वजन सुमारे पावणेपाच टन होतं, त्यातलं अर्धं नुसतं इंधन. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणारं दहा टनांचं यान चंद्राच्या पकडीतून सोडवायचं तर त्यातले सुमारे ४.२ टन इंधन असावं लागतं. या जोडीत वजनाने सहा भाग ऑक्सिजन आणि एक भाग हायड्रोजन असतो. म्हणजे ३.६ टन ऑक्सिजन. तो साडेआठ टन दगडात आहे, एक डंपरही भरत नाही. ज्या ढिगाऱ्यावर कैद्यांना राबवलं जातं त्याच ढिगाऱ्यात त्यांच्या यानाच्या इंधनाचा सहा-सप्तमांश भाग पडलेला असतो. मला या सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. उरलेला हायड्रोजन पाण्यातून मिळवावा लागेल. चंद्रावर पाण्याच्या खुणा २००९ मध्ये चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने दाखवल्या आणि त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरात मुद्दाम आदळवलेल्या रॉकेटच्या धुरळ्यात पाण्याची वाफ आणि बर्फ सापडलं. म्हणून ध्रुवावरची खाण आणि विषुववृत्तावरची खाण यांत कैद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शरीराचा हिशेब याहून निर्दय. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, आणि ते लोक रोज दोन तास व्यायाम करतात. कमी गुरुत्वाकर्षणात वर्षानुवर्षं काढलेल्या कैद्याला पृथ्वीवर उतरवलं तर त्याचे पाय त्याला पेलतील का, याची खात्री नाही. धुळीचं तसंच. आपल्या काळ्या दगडात गारगोटी फार कमी असते, त्यामुळे राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींइतका सिलिकोसिसचा धोका इथे नाही, तरी क्रशरची बारीक भुकटी छातीत जाते ती जातेच. चंद्राच्या धुळीचे कण तर वारा-पाण्याने कधी घासलेलेच नसतात, त्यांच्या कडा काचेच्या तुकड्यांसारख्या राहतात. १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या हॅरिसन श्मिट यांना यानात आलेल्या त्या धुळीने नाक चोंदण्याचा त्रास झाला होता. खाणकामगाराला ती महिनोन्‌महिने भोगावी लागेल, आणि तिथे पाणी मारून धूळ बसवायची सोय नाही.

आणि सूड? बंदिस्त खाणीत कैदी आणि पहारेकरी एकच हवा घेतात, त्यामुळे हवेची नळी फोडणारा स्वतःही मरतो. दुसरा मार्ग रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९६६ च्या कादंबरीत दाखवला : चंद्रावरच्या बंदिवानांची वसाहत माल पाठवायच्या विद्युतचुंबकी गोफणीतून पृथ्वीवर दगड फेकते. कल्पना भौतिकशास्त्राला धरून आहे. चंद्राकडून येणारा किलोभर दगड सेकंदाला अकरा किलोमीटर वेगाने पृथ्वीवर पोचतो, तेव्हा त्याच्याजवळ तेवढ्याच वजनाच्या टीएनटीच्या चौदा पट ऊर्जा असते. लहान दगड हवेत जळून जातात. मोठा दगड आमच्याच बेसॉल्टवर आदळला तर काय होतं, ते बुलढाणा जिल्ह्यात लोणारला दिसतं : १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि चंद्राच्या मातीत सापडतात तशा काचेच्या गोळ्या. असा सूड पुरा करणारा कप्तान ज्या घरी परतायचं तेच घर उद्ध्वस्त करतो. त्या कादंबरीतली गोफण मला प्रगती वाटत नाही.

यंत्रं स्वस्त आणि माणसं निरुपयोगी असताना लेखक कैद्यांना खाणीत का ढकलतात? कारण पृथ्वीवर हे खरोखर घडलं. स्पेनमधल्या आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणीत शिक्षा झालेले कैदी शतकानुशतकं राबले, पाऱ्याने हातपाय थरथरेपर्यंत. आणि फार लांब जायला नको. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडप्यानं आयुष्यभर सावकाराकडे राबायचं, या प्रथेचं नाव लग्नगडी. १९४५ मध्ये झरी गावच्या मेळाव्यानंतर किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वारली आदिवासींनी ती आणि वेठबिगार झुगारून दिली. कायद्याने वेठबिगारी १९७६ मध्ये संपली. तरी १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वसई तालुक्यात वेठबिगारांच्या सुटकेसाठी श्रमजीवी संघटना उभारावी लागली. १६ डिसेंबर १९८३ रोजी फरीदाबादच्या दगडखाणींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात मजुरांना पिण्याचं स्वच्छ पाणी द्या आणि क्रशरवर पाणी शिंपडण्याची किंवा धूळ ओढून घेण्याची सोय करा, असंही सांगावं लागलं. त्या खाणींनाही भिंत नव्हती. माणूस अडकला होता तो उचलीत, आणि पाणी व हवा या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या मर्जीवर असल्यामुळे.

परग्रहावर उचलीची जागा ऑक्सिजन घेतो. एडिनबर्ग विद्यापीठातले खगोलजीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल हे अनेक वर्षं सांगत आले आहेत की जिथे श्वासही बनवून द्यावा लागतो, तिथे तो बनवणारं यंत्र एकाच हातात असेल तर जुलूम फार सोपा होतो. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात अडचणीतल्या अंतराळवीराला मदत करण्याचं बंधन आहे. भारताने २१ जून २०२३ रोजी सही केलेल्या आर्टेमिस करारात अवकाशातली साधनसंपत्ती काढण्याबद्दल कलम आहे. तिथे खोदणाऱ्या मजुराच्या हवेवर कोणाचा ताबा असावा, याबद्दल दोन्हींत एक ओळ नाही. खाणी सुरू होण्याआधी ती ओळ लिहिली गेली पाहिजे. चंद्रावरची सुरक्षित वसाहत कशी असावी याची चर्चा किरणोत्सर्ग आणि उल्कांपाशी थांबते. हवेचा नळ कोणाच्या हातात, हा प्रश्नही तेवढाच तांत्रिक आहे. एक मोठी भट्टी की पुष्कळ लहान पेट्या, हे आराखड्याच्या पहिल्या पानावरच ठरतं.

आपल्या कप्तानाची खाण मंगळावर आहे असं धरू. मॉक्सीचं वजन होतं १७ किलो आणि तिला वीज लागायची सुमारे ३०० वॉट. सर्वांत चांगल्या वेगाने चालल्या तर दहा माणसांना अशा तीस पेट्या लागतील : एकूण ५१० किलो वजन, नऊ किलोवॉट वीज. बंदूक, नकाशा, पहारेकऱ्यांच्या पाळ्यांची वेळ, या सगळ्याच्या आधी कप्तानाने मिळवायचं ते हे. आणि सोबती निवडताना नेमबाजाआधी टर्नर, फिटर, वेल्डर पाहायचे. गळती न होणारी झडप, आटे बरोबर बसणारा जोड, तापून वाकलेली प्लेट सरळ करणं, हे हातात असलेली माणसं अंबरनाथच्या कारखान्यांनी १९५० च्या दशकापासून घडवली आहेत. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याणजवळच्या बराकी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वाट्याला आल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथेही घरातल्या घरात, मिळेल त्या पत्र्या-लाकडातून आधी छोटे कारखानेच उभे राहिले. मंगळावरच्या टोळीला तीसपैकी दोन-तीन पेट्या कायम दुरुस्तीला काढाव्या लागतील, म्हणजे खरा आकडा तेहतीस, आणि सोबत एक लेथ.